मुश्ताकभाईंची साइट आणि मी दाबलेलं बटण

मुश्ताकभाई गेल्याचा फोन आला, तेव्हा मी त्यांच्यावरच चिडून बसलो होतो. सकाळपासून आमची साइट उघडत नव्हती, मी तीनदा फोन केला होता आणि हा माणूस उचलत नव्हता. चौथ्यांदा फोन तिकडूनच आला. "सर, मी रेहाना बोलतेय..." त्यांची पत्नी. सकाळी छातीत कळ आली, दवाखान्यापर्यंतही पोचले नाहीत. मग भाभी म्हणाल्या, "तुमचे तीन मिस कॉल दिसतायत. काही अर्जंट होतं का?" मी म्हणालो, नाही, सहजच.

सदाशिव पेठेत त्यांचं पुस्तकबांधणीचं दुकान, मागेच घर. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालो तेव्हा मी एक फाटका शब्दकोश त्यांच्याकडे बांधायला नेला आणि गप्पांत बसलो, तो बसलोच. वडिलांच्या अवजारांची नावं आता कुणाला येत नाहीत, असं ते म्हणाले. तिथून आमचा उद्योग सुरू झाला... तांबट, शिंपी, चांभार, जुन्या कारागिरांकडे जायचं आणि त्यांच्या कामाचे शब्द त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करायचे. प्रश्न भाई विचारायचे, कारण मी विचारले की माणसं तोंडी परीक्षेला बसल्यासारखी गप्प व्हायची. साइट उभी करायचं कामही त्यांनीच अंगावर घेतलं, व्हिडिओ बघून बघून शिकले.

पहिला महिना नुसता इन्स्टॉल करण्यात गेला. साइट दिसायला लागली, पण आवाजाची फाइल चढवली की या फोल्डरमध्ये लिहिण्याची परवानगी नाही, असं उत्तर. साइटला सर्व्हरवर भाड्याने जागा देणारे होस्टिंगवाले म्हणायचे, चूक तुमची. शेवटी भाईंनी वैतागून सगळ्या फाइली, आवाज वाजवण्यासाठी साइटला जे प्लगिन जोडलं होतं, त्याच्याच फोल्डरमध्ये टाकल्या. तिथे बिनबोभाट चालल्या. "तात्पुरतं आहे हं, सर," म्हणाले. ते तात्पुरतं नऊ वर्षं टिकलं. पुढे साइट जड झाली. त्यातलं निम्मं पाप माझं, अवजारांचे फोटो मी मोबाइलमधून जसेच्या तसे चढवायचो. मग भाई एकेक प्लगिन बंद करून पान उघडायचे आणि टेबलावर बोट आपटत मोजायचे, एक... दोन... तीन... दहाच्या पुढे गेलं की माझ्याकडे वळायचे. "काल काय चढवलंत? हत्ती?" बॅकअप चालू असला की साइट गुदमरते, म्हणून तोही त्यांनी बंद केला. अपडेट मात्र स्वतः करायचे, आवाजाच्या फाइली आधी बाहेर काढून, मग परत आत ठेवून. मला सक्त ताकीद होती, "अपडेटला हात लावायचा नाही. आधी मला विचारायचं."

आता कुणाला विचारणार होतो?

ते गेल्यावर आठवड्याने भाभी म्हणाल्या, "सर, त्यांचा आवाज आहे ना तुमच्या साइटवर? घरात एक व्हिडिओ नाही हो त्यांचा. जन्मभर दुसऱ्यांचंच रेकॉर्ड करत बसले. चाळिसाव्या दिवशी सगळे जमतील, तेव्हा ऐकवू या." मी हो म्हणालो. घरी येऊन बघतो तर पान उघडता उघडेना, आणि कडेला लाल आकड्यांत अपडेटची रांग. भाभींच्या मोबाइलवर अडकायला नको, एवढंच मनात होतं... सगळ्यांवर खुणा केल्या आणि बटण दाबलं.

पडद्यावर भाईंनी कधीकाळी लिहून ठेवलेली पाटी आली. 'जरा थांबा. काम चालू आहे. घाई असेल तर उद्या या.' आधी हसू आलं, मग भडभडून आलं. आणि मी थांबलो. मूर्खासारखा आठ दिवस थांबलो. भाई म्हणतायत काम चालू आहे, म्हणजे चालूच असणार!

नवव्या दिवशी माझी जुनी विद्यार्थिनी सायली हडपसरहून आली. तिथल्या कंपनीत ती साइट सांभाळायचंच काम करते. तिने बराच वेळ शोधलं. "सर, अपडेट मध्येच हँग झालंय. आणि या प्लगिनचा जुना फोल्डर डिलीट होऊन नवा आलाय. रेकॉर्डिंग्ज त्यातच होती?" होस्टिंगवाल्यांना तिनेच फोन लावला. ते सात दिवसांपलीकडची कुठलीही प्रत ठेवत नाहीत. "दोन दिवस आधी बोलला असतात तर..." ती म्हणाली. माझ्याकडे काहीच नव्हतं, रेकॉर्डिंगचं कार्ड मी दर वेळी तेच पुसून वापरायचो. भाईंचा लॅपटॉपही पाहिला. जागा व्हावी म्हणून, चढवलेली फाइल ते तिथून काढून टाकत.

"ही पाटी तरी काढू का?" तिने विचारलं.

"काढली तर काय दिसेल?"

"काही नाही, सर. कोरं पान."

मी म्हणालो, राहू दे.

परवा भाभींचा फोन आला. "रोज उघडून बघते, सर. काम चालू आहे म्हणून येतंय. त्यांचंच बोलणं, नाही का? असू द्या, सावकाश करा. मी थांबते." मी फक्त बरं म्हणालो.

हा लेख रविवारी छापून येईल. चाळिसावाही रविवारीच आहे. त्याआधी मला जाऊन त्यांना सांगायला हवं, पायी दहा मिनिटांचा रस्ता आहे. काल निघालो होतो, त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो आणि परत आलो.