तिसऱ्या पावसाळ्यातली बॅटरी

आमच्या घाटावर वैनगंगा चांगलीच रुंद आहे. पलीकडे चंद्रपूर जिल्हा, अलीकडे गडचिरोली. पूल आहे, पण त्यावरून यायचं तर मोठा वळसा, आणि पावसाळ्यात मधला नाला भरला की तो रस्ताही बंद. म्हणून आमची नाव चालायची. माझ्या नवऱ्याने तिला डिझेल इंजिन बसवलं होतं, शेतातल्या पंपाला असतं तसलंच. सुरुवातीला ते हँडल मारून चालू करायचं. पुढे त्याचा उजवा खांदा गेला, हात कानापर्यंत उचलेना, तेव्हा सेल्फ बसवला आणि सेल्फसाठी बॅटरी आली.

इंजिन त्याचं आणि बॅटरी माझी, अशी वाटणी कोणी ठरवली नव्हती. त्याला झाकणं उघडून आत डोकावायचा कंटाळा, म्हणून मी डोकावू लागले. दर पंधरवड्याला बॅटरीच्या सहाही घरांची बुचं काढायची, पाणी कमी असेल तिथं बॅटरीचं पाणी घालायचं. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी चढते, ती गरम पाण्याने धुवायची, कोरडं करून वर व्हॅसलीन लावायचं. उन्हाळ्यात नदी आटली आणि नाव काठावर चढवली की बॅटरी घरी आणून महिन्यातून एकदा चार्ज करायची. चामोर्शीच्या मेकॅनिकने मला एक काचेची नळी दिली होती. तिने बॅटरीतलं पाणी ओढलं की आतला खुंटा तरंगतो. खुंटा वर राहिला तर घर चांगलं, बुडाला तर गेलं. देताना तो म्हणाला होता, "बाई, तीन पावसाळे काढले का लय झालं समजा. मंग तिच्या भरोशावर नोका राहू."

तो तिसरा पावसाळा होता. पोळ्याच्या आधी मी नळी लावली तर पाच घरांत खुंटा तरंगला आणि सहाव्यात तळाशी बसला. मी पुन्हा लावून पाहिली. पुन्हा तेच.

नवऱ्याला सांगायला हवं होतं. पण त्या महिन्यात आमचं बोलणं म्हणजे नुसती यादीच झाली होती. शाफ्टमधून पाणी येतंय, फिल्टर बदलायचाय, नावेच्या पंख्याचं एक पातं वाकलंय, नावेच्या तळाला डांबर लावायचं राहिलंय. संध्याकाळी तो जेवायला बसला की मी काही सांगू लागायची आणि तो हात वर करायचा. रागाने नाही, थकून. मीही थकले होते. सेल्फला इंजिन अजून लागत होतं. म्हटलं, सण होऊन जाऊ दे.

पोळा झाला आणि चारच दिवसांनी, सकाळी, नाव पलीकडच्या काठाला असताना एक बाई आपल्या लेकीला घेऊन आली. मुलगी पंचविशीची असेल. तिला सिकलसेल होता, रक्ताचा आजार. औषधासाठी दोघी महिन्यातून एकदा आमच्याच नावेने अलीकडच्या दवाखान्यात जायच्या, त्यामुळे ओळख होती. त्या दिवशी मात्र मुलीला चालता येत नव्हतं. दोन माणसांनी तिला बाजेवर आणलं आणि नावेत ठेवून ते परत गेले. पाय, कंबर, छाती, सगळं ठणकत होतं. ती ओरडत नव्हती, दात आवळून श्वास घेत होती. आई म्हणाली, "भाऊ, लवकर चाला. रातभर असंच होऊन राह्यलं."

पूर ओसरत होता. पाणी गढूळ, वर गवताचे पुंजके वाहत होते. मध्यावर आलो आणि इंजिनाचा आवाज बदलला. बाजूच्या नळीतून पाण्याची धार बाहेर पडायला हवी, ती थांबली होती. नवऱ्याने लगेच इंजिन बंद केलं.

"जाळीत गवत अडकलं," तो म्हणाला.

इंजिनाला थंड ठेवणारं पाणी त्या जाळीतून येतं. मी हात घालून गवत काढलं, जाळी साफ केली. इंजिन तापून त्याच्यातून वाफ निघत होती. मुलीच्या आईने मग्ग्याने नदीचं पाणी उचललं, तसा नवरा ओरडला, "नोका टाकू! थंड पाणी पडलं तं इंजिनचं हेड फुटते."

आम्ही थांबलो. तोवर नाव धारेला लागली होती. तो डाव्या हाताने बांबू टेकवायला बघत होता, बांबूला तळ लागत नव्हता. खाली वळणावर बाभळी अर्ध्या पाण्यात उभ्या होत्या आणि आम्ही तिकडेच चाललो होतो. इंजिन जरा निवल्यावर त्याने सेल्फ मारला. टक्. पुन्हा मारला. टक्. मग तेवढंही नाही.

मी फळीखालून हँडल काढलं.

"तुह्यानं होणार नाई," तो म्हणाला.

"तुमच्यानं तरी कुठी होते?"

त्या इंजिनाला वर एक छोटा लिव्हर असतो. तो दाबून धरला की इंजिन हलकं फिरतं. वेग आला की सोडायचा, मग ते पेट घेतं. नवऱ्याने लिव्हर धरला, मी हँडल फिरवलं. दोनदा फिरवलं आणि हात थांबले. तेव्हा मुलीची आई उठली. लेकीचं डोकं तिने गाठोड्यावर ठेवलं, पदर खोचला आणि माझ्या हातांशेजारी हँडल धरलं. धान कुटणारे हात होते तिचे. आम्ही दोघींनी फिरवलं, एक, दोन, तीन, चार, "सोडा!" मी ओरडले. इंजिन खोकलं आणि थांबलं. पुन्हा. तिसऱ्या वेळी धूर आला आणि इंजिन लागलं. बाभळीची एक फांदी नावेवरून घासत गेली, मुलीच्या तोंडावर पानं पडली. नळीतून पाण्याची धार सुटली होती, पण बारीक.

अलीकडच्या काठावर दवाखान्यात न्यायला जीप उभी होती. पोहोचायला जवळपास तासभर उशीर झाला. मुलीला सलाईन लावलं, रक्त चढवलं, आठवड्याने ती घरी गेली. त्या तासाने काय बिघडलं असतं, हे मी डॉक्टरांना विचारलं नाही.

त्याच दिवशी दुपारी काठावर बसून नवऱ्याला सांगितलं. "एक घर मेलं होतं. मले मालूम होतं. पंधरा दिवस झाले."

तो म्हणाला, "पाणी ओढणाऱ्या पंपाचं रबर बी झिजलं होतं. धार बारीक येऊन राह्यली होती. मले बी मालूम होतं."

"मंग सांगितलं काऊन नाई?"

"तू काऊन नाई सांगितलं?"

भांडण झालं असतं तर बरं वाटलं असतं.

बॅटरी नवी आणली, रबर बदललं, जाळीवर दुसरी बारीक जाळी बसवली. मुलीची आई पुढच्या महिन्यात औषधासाठी आली तेव्हा मी तिला खरं सांगितलं. लेक मागे उभी होती. आईने ऐकून घेतलं. लेकीचा हात धरून ती पाय धुवायला उतरल्यासारखी काठावर पाण्यात उभी राहिली. मला वाटलं, आता वळसा घालून पुलाने जाईल. मग म्हणाली, "दाखव." मी बुचं काढली, नळी लावली, सहाही घरांत खुंटा वर आलेला दाखवला. ती वाकून प्रत्येक घर बघत होती. मग लेकीला आधी चढवलं आणि स्वतः चढली.

त्यानंतर दर महिन्याला ती तेच म्हणायची आणि मी दाखवायची. कधी कधी मला राग यायचा. इतर उतारू खोळंबायचे, ऊन चढायचं, तिला त्याचं काही नसायचं. पण मी कधी नाही म्हटलं नाही.

यंदा मेकॅनिकने इंजिन उघडलं आणि सांगितलं की सिलिंडर इतका झिजलाय की आतून कातून पुन्हा बोअर करण्यात अर्थ नाही. नवऱ्याचा डावा खांदाही आता दुखतो. आम्ही इंजिन पुन्हा जोडून घेतलं नाही. नाव घाटावर पालथी घातली आहे. नाव बंद झाल्याचा पलीकडे निरोप पाठवला, त्या बाईला मुद्दाम वेगळा पाठवला. आता नाला उतरला की दोघी बसने जातात, नाही उतरला तर थांबतात. पंधरवडा आला की माझे हात अजूनही बुचं शोधतात. त्या दिवशी मी अंगणात नुसती बसून राहते.