उतरल्याची तारीख

सोनकांबळे सर फोनवर गिऱ्हाइकाचं नाव नंतर विचारत. आधी विचारत, "अमेरिकेत उतरलात कोणत्या तारखेला?" एकाने पलीकडून विचारलं, "सर, पत्रिका मांडताय का?" सर म्हणाले, "तसंच समजा. फक्त ग्रह आपल्या मर्जीने बसवायचे नाहीत."

हैदराबादमध्ये अंबरपेठेतल्या आमच्या ऑफिसातून अमेरिकेतल्या मुलांची तिथली आयकर विवरणपत्रं भरली जात. बहुतेक मुलं विद्यार्थी व्हिसावर गेलेली आणि शिक्षण संपवून नोकरीला लागलेली. त्या व्हिसावर पहिली पाच कॅलेंडर वर्षं, पगार मिळत असला तरी, करासाठी माणूस साधारणपणे परकाच धरला जातो, आणि परक्याला शिक्षणखर्चाची सवलत मिळत नाही. आमचे मालक ती सर्रास लावत. परतावा फुगे आणि एकाच्या मागे त्याच्या खोलीतले सगळे येत. सरांच्या टेबलावर तपासणीला आलेलं असं विवरणपत्र मात्र पुढे सरकत नसे.

"कायकू अडारैं सर? सबीच भर रैं," मालक म्हणत.

"भरताना सगळे असतात. नोटीस एकट्याच्या नावाने येते."

राज्य वेगळं होण्याचे दिवस होते. बंद रोजचेच झाले होते आणि पाट्यांवरची राज्याची नावं बदलू लागली होती. सरांना त्याचं नवल नव्हतं. त्यांचे वडील मूळ नांदेडचे, पोटासाठी हैदराबादला आलेले. जुनं हैदराबाद राज्य मोडलं आणि गाव दुसऱ्या राज्यात गेलं. "आम्ही नाही हललो, नांदेड हललं," सर म्हणत. "रेघ ओढणारा दुसराच असतो. आपण आपली तारीख खरी सांगावी."

त्यांची मुलगी करुणा शिकून तिकडेच नोकरीला लागली होती; उतरून पाच वर्षं व्हायची होती. एका सकाळी तिचा फोन आला. सरांनी तो टेबलावरच घेतला. ती आनंदात होती. मोठा परतावा आला होता.

"कुणी भरून दिलं गं?"

"तुमच्याच ऑफिसातून, बाबा. मैत्रिणींनी सगळ्यांचं एकत्र दिलं. तुम्ही अडवलं असतं, म्हणून बोलले नाही."

मालकांनी ते विवरणपत्र सरांच्या टेबलावर येऊच दिलं नव्हतं.  सरांनी त्याच दिवशी दुरुस्तीचं विवरणपत्र तयार करून मुलीला पाठवलं. परतावा परत करायचा होता. तिची सही हवी होती.

"सही केली की गुन्हा कबूल केल्यासारखं होतं, बाबा. मैत्रिणींना काही झालं का?"

"अजून झालं नाही, एवढंच म्हण."

तिने सही केली नाही. सरांनी महिनाअखेरीला नोकरी सोडली. जाताना मला म्हणाले, "कुणाचं भरत असलास तर तारीख विचार. हसले तरी विचार."

पुढच्या वर्षी करुणा नोकरीच्या नव्या व्हिसाचा शिक्का घ्यायला हैदराबादला आली. अमेरिकी दूतावासात पासपोर्ट जमा झाला, परत आला नाही. चौकशी चालू आहे, एवढंच उत्तर मिळे. कसली, ते कुणी सांगत नव्हतं. मी सरांच्या घरी भेटायला गेलो तेव्हा दार उघडंच होतं. बाहेर मोटारसायकल थांबली की पासपोर्टचं कुरियर समजून करुणा उठून उंबऱ्यापर्यंत जाई आणि परत येऊन बसे. शेजारणीने आत डोकावून विचारलं, "परत कधी गं पोरी?" सरांनीच उत्तर दिलं, "बसा, चहा घ्या."

चहा पिऊन शेजारीण गेली. मग करुणा म्हणाली, "बाबा, ते कागद आहेत का अजून?"

सरांनी उशाखालून पाकीट काढलं. चष्मा पुसला. सहीची जागा बोटाने दाखवली. 

"तारीख आजचीच टाक," ते म्हणाले. "मागची नको."