मेंढरांची पाण्याची वाट

गारखेड्यात लेकाच्या घरासमोर बागेतलं गवत कापलं, की त्या ओल्या वासानं मला गावातली सुनावणी आठवते. धरणाच्या काठी गोल्फचं मैदान आणि मोठं हॉटेल होणार होतं. सुनावणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "इथून मेंढरं पाण्याला जातात का? वाट असेल तर परवानगी मिळणार नाही." थोरल्या दिरांना तिथं वॉचमनची नोकरी कबूल झाली होती. ते म्हणाले, "नाय साहेब, वाट कुठली!" शेजारणीनं मला कोपरानं ढोसलं, "बोल की गं, रोज तूच नेतीस ना मेंढरं?" पण दिरांसमोर तोंड उघडायची रीत नव्हती. मी पदर ओढून गप्प बसले. पुढं वाटेवर तारेचं कुंपण आलं, तरी मेंढरं कितीतरी दिवस तिथंच जाऊन पलीकडच्या पाण्याकडं बघत उभी राहायची. आता दीर नाहीत, मेंढरंही विकली. बोलायला मी मोकळी आहे, पण विचारायला कुणी येत नाही.