जागा धरायला गेलेली पिशवी

गेल्या महिन्यात व्हेनिसमध्ये आमची जी फजिती झाली, ती सांगतो.

मी, बायको सुप्रिया आणि माझी आई, असे तिघंच गेलो होतो. टूर कंपनी नाही, सगळं बुकिंग मी स्वतः केलेलं. त्यामुळं काही बिघडलं तर विचारायचं कुणाला, ही धास्ती कोल्हापूर सोडल्यापासून मानगुटीवर बसलेली.

व्हेनिस सुंदरच आहे हो... रस्त्यांच्या जागी कालवे, दारात गाडीऐवजी होडी. सुप्रिया फोटो काढत होती, आई पुलांच्या पायऱ्या चढून-उतरून गुडघे चोळत होती, आणि मी दर तासाला पासपोर्ट मोजत होतो. तीन आहेत ना? आहेत. परत तासाभरानं तेच.

हॉटेलच्या खोलीतून चोऱ्या होतात असं कुठंतरी वाचलेलं, म्हणून पासपोर्ट आम्ही बरोबरच ठेवायचो. तेही आईच्या पिशवीत. कुणाच्या तरी वास्तुशांतीत मिळालेली, लाल अक्षरं छापलेली साधी कापडी पिशवी ती. तिच्याकडं कुठला चोर बघतोय... हे डोकं माझंच.

तिसऱ्या दिवशी बुरानो बेटावर निघालो. तिथं रंगीबेरंगी घरं आहेत आणि जायला वॉटरबस लागते. म्हणजे आपली एसटीच, फक्त पाण्यावरची. धक्क्यावर ही गर्दी!

आता माझी आई म्हणजे वारणानगर-कोल्हापूर एसटीत आयुष्य काढलेली बाई. गर्दी दिसली की तिच्या अंगात वारं शिरतं. बोट लागली आणि आम्हाला कळायच्या आत ती पुढं घुसली. इकडं माझं तिकीट मशीन काही घेईना. मी कार्ड उलटं-सुलटं करतोय, सुप्रिया माझ्यावर वैतागतेय, मागची माणसं उसासे टाकतायत...

तेवढ्यात आई बोटीतून परत बाहेर! धक्क्यावर उभी राहून हात करतेय, "अरं या की लवकर! तीन जागा धरल्यात!"

मी बघितलं, तर तिचे दोन्ही हात मोकळे. खिडकीतून दिसलं, एका सीटवर पिशवी ठेवलेली, उरलेल्या दोन सीटवर शाल पसरलेली. पिशवी टाकली की जागा आपली, आणि कंडक्टर काही माणूस सोडून बेल मारत नाही... हा तिचा हिशेब.

बोटीवरच्या माणसानं दाराचा दांडा सरकवला आणि बोट सुटली.

"थांबवा की ओ! आमची पिशवी हाय आत!" आई काठाकाठानं पळाली. तिचा आवाज आमच्या गल्लीच्या टोकापर्यंत जातो, पण इंजिनापुढं त्याचं काही चाललं नाही.

परवाचं विमान होतं आणि तीन पासपोर्ट पाण्यावरून चालले होते. धक्क्यावरच्या कर्मचाऱ्याला मोडक्या इंग्रजीत सांगितलं. तो वॉकीटॉकीवर काहीतरी बोलला, खांदे उडवले आणि पुढची बोट अर्ध्या तासानं आहे एवढं बोटांनी दाखवलं.

आणि मग मी आईवर ओरडलो. भर धक्क्यावर, पन्नास परक्या माणसांसमोर. काय काय बोललो ते इथं लिहीत नाही, लाज वाटते. सुप्रिया "अहो, पुरे" म्हणाली तरी थांबलो नाही. आई जाऊन रांगेत सगळ्यात शेवटी उभी राहिली... आणि आमची आई रांगेत मागं राहणाऱ्यातली नाही.

पुढच्या बोटीतली ती पाऊण तासाची वाट मला कधी विसरता येणार नाही. मध्ये एखादा थांबा आला की वाटायचं, इथंच कुणीतरी पिशवी घेऊन उतरलं असणार. एम्बसी कुठं, फोटो लागतील का, विमानाचं काय... मोबाईलवर शोधत होतो आणि रेंज जात होती. आई कोपऱ्यात उभी. सीट रिकामी असून बसली नाही.

बुरानो आलं. मी उतरून ऑफिस शोधायला धावणार, तेवढ्यात आईनं माझी बाही ओढली.

धक्क्याजवळच्या बाकावर एक म्हातारी बसली होती. शेजारी तिची भाजीची जाळीदार थैली, आणि मांडीवर आमची वास्तुशांतीची पिशवी. शाल घडी घालून वर ठेवलेली. बोट सुटताना धक्क्यावर पळणारी नऊवारीतली बाई तिनं खिडकीतून पाहिली होती, हे तिच्या खुणांवरून कळलं. बहुधा तिथलीच असावी. घरी जायचं सोडून ती अर्धा तास उन्हात आमच्यासाठी थांबली होती.

आईला बघताच ती हाताचं बोट नाचवत इटालियनमध्ये रागवायला लागली. आई हात जोडून म्हणत होती, "व्हय बाई, चुकलं माझं... लई उपकार झाले." मी पिशवी उघडली. तीनही होते. मी तिथंच पायरीवर बसून ते परत एकदा मोजले.

म्हातारी गेली. सुप्रिया पाणी आणायला गेली. आई माझ्या शेजारी पायरीवर टेकली आणि समोरच्या निळ्या-पिवळ्या घरांकडं बघत शालीची घडी परत घालायला लागली.

मग हळूच म्हणाली, "आता मला परत कुठं न्यायचा न्हाईस न्हवं, संजा?"

पाऊण तास मी पासपोर्टासाठी झुरत होतो, आणि तिला पासपोर्टाचं सुचतच नव्हतं. अडुसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा एवढ्या लांब बाहेर पडलेली ती. आता पोरगा आपल्याला घरी ठेवून जाणार, एवढीच भीती धरून ती उभी होती... आणि ती भीती मी घातली होती.

"नेणार की गं," एवढंच कसंबसं म्हणालो. 'माझं चुकलं' हे काही तोंडातून निघालं नाही. आपल्याकडं ते आईला म्हणायची सवयच नाही.

त्या बाकावरच्या आजींचं नावही मला माहीत नाही, त्यांचे मनापासून आभार. आणि ही पोस्ट टाकायच्या आधी आज सकाळी आईला समोर बसवून सगळी वाचून दाखवली. मी ओरडलो तो भाग आणि 'माझं चुकलं' ही ओळ दोनदा वाचली.