चौथी विहीर

लहानूचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. विहिरीतला गाळ काढायचा तर ऊन चढायच्या आत उतरावं लागतं. तळाचा खडक हाताला लागल्याशिवाय त्याने कधी मजुरी मागितली नाही.

सत्याहत्तरच्या उन्हाळ्यात नाचणगावच्या वासुदेवरावांची लग्नासाठी काढलेली पितळी भांडी चोरीला गेली. माग काढायचा तर चार गावं हिंडावं लागतं, भंगारवाल्यांना विचारावं लागतं. पोलीस ठाण्यातल्या जमादाराला चालायचा कंटाळा. त्याने वासुदेवरावांचा सालदार नत्थू उचलला आणि पंख्याखाली बसून त्याच्या तळपायांवर काठी चालवली. नत्थू म्हणाला, भांडी मळ्याच्या विहिरीत टाकली.

लहानू उतरला. गाळ आणि फुटकी बादली. वर आला तर काठावर नत्थू दोन शिपायांच्या खांद्यांवर लोंबकळत होता.

"नाई सापडलं," लहानू म्हणाला. नत्थूने डोळे मिटले. त्याला परत नेलं. मग दुसरी विहीर निघाली, मग तिसरी. आपला 'नाई' कुठे जाऊन पडतो, हे लहानूला कळून चुकलं.

"साहेब, ह्याले काही माहीत नाई."

"मार खाल्ल्याबिगर चोर बोलत नाही, लहानू."

"बोलते ना. मार थांबन असं जे सुचते, ते बोलते."

जमादार हसला. हसायला मेहनत लागत नाही.

चौथ्या दिवशी लहानूला ठाण्यावरच बोलावलं. नत्थूने ठाण्याच्या अंगणातली विहीर सांगितली होती.

"हेच काऊन सांगतली रे?" लहानूने विचारलं.

"माहितीतल्या सरल्या, दादा. कोठडीच्या खिडकीतून हेच दिसते."

पाण्याला आलेल्या बाया थांबल्या. लहानूने मुद्दाम आवाज चढवला, "उतरू का, साहेब? चोर तुमच्या पहाऱ्यातून भांडी घेऊन आला असन!"

"उतर बापा," त्यांतली देवकाबाई म्हणाली, "जमादाराची अक्कल भी तिथंच पडली असन!"

सगळं अंगण हसलं. शिपायांनीही तोंडं फिरवली. दुपारच्या आत नत्थू सुटला. भांडी कोणी शोधलीच नाहीत. त्यासाठी चालावं लागलं असतं.

"काही सापडलं नाही, तर मजुरी कसली?" वासुदेवराव म्हणाले.

"तिन्ही विहिरींत खडकाले हात लावला. खोटं वाटत असन तर चला खाली."

वासुदेवरावांनी पैसे काढले. लहानूने तडक पुलगाव गाठलं आणि नत्थूसाठी टायरच्या चपला घेतल्या, दोन नंबर मोठ्या. मापाच्या त्या पायांत चढल्या नसत्या.