शिडीवर बसलेली ताई

गोदामाच्या छपरावर सोलरच्या प्लेटा बसवणारी आख्खी टोळी तिला ताई म्हणायची. छपरात मधेमधे उजेडासाठी प्लास्टिकचे पत्रे असतात. धूळ बसली की सगळे पत्रे सारखेच दिसतात, आणि चुकून प्लास्टिकवर पाय पडला की माणूस थेट खाली. तिचा दीर असाच पडला, तो अजून कुबड्यांवर आहे. म्हणून छपराखाली पडणाऱ्याला झेलायला जाळी बांधतात, मगच वर चढायचं.

त्या सकाळी मुकादम म्हणाला, "खालची जाळी उद्या येईल. तुम्ही चढा."

ताईने शिडी आडवी पाडली आणि तिच्यावरच बसली.

"ऊठ, नाहीतर कामावरून काढीन!"

"काढा की! नाहीतर असं करा भाऊ, पहिले तुम्ही चढा. शिडी मी धरते."

टोळी फिदीफिदी हसली. मुकादमाने छपराकडे बघितलं आणि गुपचूप जाळीवाल्याला फोन लावला.

जाळी त्याच दुपारी आली, आणि ती बांधून होईस्तोवर ताई जागची हलली नाही.