सानपाड्यातलं कोटोनिॲस्टर

झुडपं बघणाऱ्यांकडे किस्से फार साठतात, कारण झुडूप कुठे जात नाही आणि बघणारी माणसं मात्र सगळ्यांना दिसतात. आमचा तिघांचा ग्रुप. निवृत्त केमिस्ट मुकादमसर, आमच्या सोसायटीतल्या शिंदेताई आणि मी. दर रविवारी सानपाड्याच्या मोठ्या बागेत.

*

वाकून पानं बघत असलो की येणारा-जाणारा विचारायचा, काय हरवलंय? एकदा कंटाळून सर म्हणाले, चावी. मॉर्निंग वॉकवाले सगळे शोधायला लागले. एका गृहस्थांनी खरंच एक जुडगा आणून सरांच्या हातात दिला आणि वर बजावलं, "आता नीट सांभाळा."

*

शिंदेताईंच्या मोबाईलमधल्या ॲपने कुंपणाच्या एका झुडपाला कोटोनिॲस्टर ठरवलं. बारीक पानं, माळ्याच्या कात्रीतून वाचलेली दोन-तीन लाल फळं. ताईंनी साताऱ्याला बहिणीला फोनही केला. सर म्हणाले, ते थंड डोंगरातलं झाड, इथल्या उकाड्यात कसं येईल? शिवाय याच्या पानाच्या टोकाला दाते आहेत, त्याच्या नसतात.

ताई म्हणाल्या, "आमी साताऱ्याहून येऊन इथं राहिलो की. झाडाला काय धाड भरलीय?"

शेवटी ठरलं, फुलावरून निकाल लावायचा. पाकळ्या सुट्या असल्या तर ताई जिंकल्या, बुडाशी जुळलेल्या असल्या तर सर.

*

पण फूल येणार कसं? माळी कुंपण सारखं कापायचा. ताईंनी त्याला घरचे लाडू नेऊन दिले आणि तेवढं एक झुडूप सोडायला लावलं. सपाट कुंपणात ते एकटंच शेंडीसारखं वाढलं. लोक माळ्याला विचारायचे, हेच का ठेवलं? तो सांगायचा, "ह्याला हात लावायचा नाय."

थोड्याच दिवसांत बुंध्याशी हळदकुंकू दिसलं. मग झेंडूची माळ.

*

फूल आलं त्या रविवारी सर भिंग घेऊन झुडपापुढे गुडघ्यांवर बसले. मागून जुन्या सानपाडा गावातल्या एक आजी आल्या.

"बाबा, पयलं चपला कारा."

सरांनी मुकाट्याने चपला काढल्या. आम्हीही काढल्या. सरांनी फुलाला भिंग लावलं, बराच वेळ बघितलं. पाकळ्या बुडाशी जुळलेल्या होत्या. त्यांनी ताईंकडे बघून हळूच नकारार्थी मान हलवली.

आजींनी काळजीने विचारलं, "काय बोलतान ते?"

ताईंनी हात जोडले. "पावतो म्हणतायत."